पीएलसीतला ऑन-डिले टायमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएलसी म्हणजे मशीन प्रोग्रामने चालवणारा औद्योगिक कंट्रोलर. खालची उत्तरं मुख्यतः मित्सुबिशी एफएक्स३यू, सीमेन्स एस७-१२०० आणि अ‍ॅलन-ब्रॅडली हे तीन पीएलसी समोर धरून दिली आहेत. लॅडर म्हणजे शिडीसारख्या आकृतीत लिहिलेला पीएलसीचा प्रोग्राम; 'रंग' हा शब्द इथे त्यातल्या आडव्या ओळीसाठी वापरला आहे, वायरच्या रंगासाठी नाही.

ऑन-डिले टायमर नेमकं काय करतो?

इनपुट लागलं की वेळ मोजायला सुरुवात करतो. ठरवलेली वेळ भरेपर्यंत इनपुट सलग चालू राहिलं तरच आउटपुट लागतं, आणि इनपुट असेपर्यंत ते लागलेलं राहतं. इनपुट सुटलं की आउटपुट लगेच सुटतं आणि मोजलेली वेळ शून्य होते. उशीर फक्त लागताना असतो, सुटताना नाही.

यातला 'सलग' हा शब्द विसरला जातो. पाच सेकंदांचा टायमर आहे आणि ४.९ सेकंदांवर इनपुट एका स्कॅनपुरतं (प्रोग्रामच्या एका फेरीपुरतं) जरी तुटलं, तरी पहिल्यापासून मोजणी. कुठे हाच गुण कामाला येतो, कुठे हाच डोक्याला ताप होतो.

आयएन, पीटी, क्यू, ईटी, डीएन, टीटी... प्रत्येक कंपनीची नावं वेगळी का?

आयईसी ६११३१-३ या मानकात या ब्लॉकचं नाव टीओएन आहे आणि त्याला चार टोकं आहेत. आयएन म्हणजे इनपुट, पीटी म्हणजे ठरवलेली वेळ, क्यू म्हणजे आउटपुट आणि ईटी म्हणजे आतापर्यंत मोजलेली वेळ. सीमेन्सचे नवे पीएलसी आणि कोडेसिसवर चालणारे बहुतेक पीएलसी हीच नावं वापरतात.

अ‍ॅलन-ब्रॅडलीत ठरवलेली वेळ म्हणजे प्रीसेट, मोजलेली वेळ म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर, आणि तीन बिट मिळतात. इनपुट आहे तोवर ईएन, मोजणी चालू असताना टीटी, वेळ भरल्यावर डीएन. टीटी फार उपयोगी आहे. 'थांबा, सुरू होतंय' असा दिवा हवा असेल तर वेगळं लॉजिक लागत नाही, टीटी घेतला की झालं.

मित्सुबिशीत ब्लॉक नाही, कॉइल (ओळीच्या शेवटी लिहायचा घटक) आहे: आउट टी० के५०, यात के५० म्हणजे प्रीसेट. त्याच टी० चा कॉन्टॅक्ट (ओळीतली अट) म्हणजे डन बिट, आणि टी० हाच आकडा (वर्ड) म्हणून वाचला तर मोजलेली वेळ.

ओमरॉनचा टीआयएम आणि सीमेन्स एस७-३०० मधले जुने एस५ टायमर उलटे मोजतात. आकडा ठरवलेल्या वेळेपासून शून्याकडे उतरतो. मित्सुबिशीवर हात बसलेला माणूस ओमरॉनसमोर बसला की 'टायमर उलटा चाललाय' म्हणून पहिला फोन हमखास येतो. बिघाड काही नसतो.

टायमर मागे आपोआप चालत असतो ना, घड्याळासारखा?

नाही. टायमरच्या निम्म्या तक्रारी याच समजुतीतून येतात.

पीएलसी एका फेरीत इनपुट वाचतो, प्रोग्राम वरून खाली चालवतो, आउटपुट लिहितो, आणि पुन्हा तेच. ही फेरी म्हणजे स्कॅन. टीओएन ही त्या प्रोग्राममधली एक सूचना आहे. तिची पाळी आली की ती आताच्या वेळेतून मागची वेळ वजा करते, उत्तर ईटीत टाकते आणि प्रीसेट गाठला का ते बघते. दोन पाळ्यांच्या मधे ती काहीच करत नाही. एफएक्समध्ये वेळेचे टिक मागे पडत असतात हे खरं, पण कॉन्टॅक्ट बदलतो तो कॉइलची ओळ चालल्यावरच.

म्हणून टायमर असलेला रंग दर स्कॅनला चालला पाहिजे. तो जंपखाली गेला, किंवा ज्या सबरूटीनमध्ये आहे ती बोलावलीच गेली नाही, तर काय होईल हे त्या त्या पीएलसीवर अवलंबून आहे, आणि सहसा ते तुम्हाला हवं असतं तसं नसतं.

या नियमाला एस७-३०० आणि ४०० चे एस५ टायमर अपवाद आहेत. त्यांचा आकडा ऑपरेटिंग सिस्टीम स्कॅनची वाट न बघता उतरवते, त्यामुळे एकाच स्कॅनमध्ये तिसऱ्या ओळीत टायमरचा बिट शून्य आणि नवव्या ओळीत एक असू शकतो. असा टायमर अनेक ठिकाणी वापरायचा असेल तर स्कॅनच्या सुरुवातीला त्याचा बिट एका मेमरी बिटमध्ये घ्यावा आणि पुढे सगळीकडे तोच वापरावा.

एस७-१२०० मध्येही एक गोम आहे. टायमरचा क्यू किंवा ईटी डेटा-ब्लॉकमधून (टायमरची माहिती साठवलेल्या जागेतून) वाचला की त्या क्षणी टायमरचा हिशेब पुन्हा होतो. म्हणजे इथेही क्यू स्कॅनच्या मधे बदलू शकतो. उपाय तोच, आधी मेमरी बिटात उतरवून घ्या.

पाच सेकंदांचा टायमर बरोबर पाच सेकंदांनी लागतो का?

जवळजवळ. किती जवळ, ते टाइम बेस (टायमर ज्या टप्प्यांनी मोजतो तो टप्पा) आणि स्कॅन यावर ठरतं.

एफएक्समध्ये हिशेब सरळ आहे. टायमर ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्तीत जास्त एक टाइम बेस लवकर आणि एक स्कॅन उशिरा लागू शकतो. टायमरचा कॉन्टॅक्ट कॉइलच्या वरच्या ओळीत वापरला असेल तर उशीर दोन स्कॅनपर्यंत जातो. टी० ते टी१९९ चा बेस १०० मिलिसेकंद आहे, टी२०० ते टी२४५ चा १० मिलिसेकंद. टी२५६ ते टी५११ एक मिलिसेकंदाचे आहेत.

आता टी० ला के५० दिलं आणि स्कॅन १२ मिलिसेकंदांचा आहे. वेळ ४.९ ते ५.०१२ सेकंदांच्या मधे कुठेही येईल. पंपाला याचा काही फरक पडत नाही. पण त्याच टायमरला के१ दिलं, म्हणजे कागदावर १०० मिलिसेकंद, तर प्रत्यक्षात शून्याच्या जवळपासपासून ११२ मिलिसेकंदांपर्यंत काहीही मिळू शकतं. टाइम बेस एवढाच प्रीसेट ठेवणं म्हणजे विलंबाची हमी न ठेवणं. नियम म्हणून प्रीसेट किमान दहाच्या आसपास यावा असा बेस निवडा.

टायमरच्या बाहेरचा उशीर यात धरलेला नाही. एफएक्सच्या इनपुटवर सुरुवातीला १० मिलिसेकंदांचा फिल्टर असतो, एस७-१२०० वर ६.४ चा. रिले आउटपुट लागायला आणखी सुमारे १० जातात. शंभर मिलिसेकंदांखालच्या वेळा मोजताना या सगळ्यांची बेरीज करा. एफएक्समध्ये चालू स्कॅन डी८०१० मध्ये आणि आजवरचा सर्वांत मोठा स्कॅन डी८०१२ मध्ये दिसतो. दोन्ही आकडे ०.१ मिलिसेकंदात असतात, म्हणजे १२० दिसलं तर १२ मिलिसेकंद.

प्रीसेटमध्ये कोणता आकडा टाकायचा? सेकंद की मिलिसेकंद?

पीएलसी बदलला की एकक बदलतं. पाच सेकंदांसाठी:

एफएक्समध्ये टी० ला के५०, टी२०० ला के५००. डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेत सूचना टीएमआर आहे आणि टी० ला के५०च. अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० मध्ये टाइम बेस ०.०१ असेल तर ५००, १.० असेल तर ५. कंट्रोललॉजिक्स आणि कॉम्पॅक्टलॉजिक्समध्ये बेस निवडायचा नसतोच, सगळं मिलिसेकंदात, म्हणून ५०००. एस७-१२०० मध्ये टी#५एस. ओमरॉनच्या टीआयएमला #५०, कारण तिथे १०० मिलिसेकंदांचं एकक आहे आणि आकडा बीसीडीत (दशमान अंक एकेक करून साठवायच्या पद्धतीत) द्यायचा असतो.

एका पीएलसीवरचा प्रोग्राम दुसऱ्यावर उतरवताना टायमरची यादी आधी कागदावर सेकंदांत लिहून काढा, मग नव्या एककात बदला. थेट आकडे उचलले की दहापटीची किंवा शंभरपटीची चूक ठरलेली.

स्टार्ट बटण दाबून सोडलं की टायमर शून्यावर येतो. का?

कारण बटण सोडल्यावर इनपुट गेलं. पुश-बटण क्षणिक असतं, टायमरला सलग इनपुट लागतं. आधी बटणाने एक मेमरी बिट लॅच करा (बटण सोडलं तरी लागलेला राहील असा धरून ठेवा) आणि टायमर त्या बिटावर चालवा. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

एक पूर्ण उदाहरण द्याल का? स्टार-डेल्टाचं असलं तर बरं.

स्टार-डेल्टा म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणं. १५ किलोवॅट, म्हणजे २० एचपीची मोटर धरू, ४१५ व्होल्टवर. पूर्ण भाराला साधारण २७-२८ अँपिअर. स्टारमध्ये लाइनचा सुरुवातीचा करंट थेट सुरू करण्याच्या एक तृतीयांश होतो, आणि टॉर्कही एक तृतीयांशच मिळतो. म्हणून भरलेला कन्व्हेयर किंवा कॉम्प्रेसर असा सुरू करायला जाऊ नका. पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप चालेल.

इनपुट: एक्स० स्टार्ट, एक्स१ स्टॉप, एक्स२ ओव्हरलोड रिले. स्टॉप आणि ओव्हरलोड दोन्ही एनसी (एरवी जोडलेल्या) कॉन्टॅक्टवर वायर करा, म्हणजे वायर तुटली तरी मोटर थांबेल. त्यामुळे प्रोग्राममध्ये एक्स१ आणि एक्स२ एनओ (एरवी तुटलेले) म्हणून येतात. हे उलट वाटतं, पण बरोबर आहे: सगळं ठीक असताना ही दोन्ही इनपुट लागलेली असतात.

आउटपुट: वाय० मेन, वाय१ स्टार, वाय२ डेल्टा, हे तिन्ही कॉन्टॅक्टर (मोटरचा पुरवठा जोडणारे स्विच).

पहिला रंग: एक्स० आणि त्याला समांतर एम० (मेमरी बिट), पुढे एक्स१, एक्स२, कॉइल एम०.
दुसरा: एम० वरून वाय०, आणि त्याच ओळीला टी० के८०.
तिसरा: एम०, टी० चा एनसी, वाय२ चा एनसी, कॉइल वाय१.
चौथा: एम०, टी० चा एनओ, कॉइल टी२०० के८.
पाचवा: एम०, टी२०० चा एनओ, वाय१ चा एनसी, कॉइल वाय२.

टी० म्हणजे स्टारचे आठ सेकंद. टी२०० म्हणजे स्टार सुटल्यावर डेल्टा लागण्याआधीची ८० मिलिसेकंदांची मोकळी जागा. ही जागा नसेल तर स्टार कॉन्टॅक्टरमधला आर्क विझायच्या आत डेल्टा लागतो, तीन फेज एकमेकांवर येतात, आणि फ्यूज किंवा एमसीसीबी (ब्रेकर) उडतो. कित्येक पॅनेलमध्ये इथे १०० मिलिसेकंदांच्या बेसचा टायमर के१ वर ठेवलेला सापडतो. वर बघितलं तसं, तो कधी ९० देतो, कधी ५. असं पॅनेल महिनाभर नीट चालतं, मग एके दिवशी कारण नसताना ट्रिप होतं आणि मोटरवाल्याला बोलावलं जातं. टी२०० के८ वर तुम्हाला किमान ७० मिलिसेकंद मिळतातच.

कॉन्टॅक्टरची कॉइल २४ व्होल्ट डीसी असेल आणि तिच्यावर डायोड लावलेला असेल, तर कॉन्टॅक्टर सुटायला बराच जास्त वेळ घेतो. तिथे के१२ ते के१५ ठेवा. पण ही जागा उगाच वाढवू नका, कारण मधल्या वेळात मोटरचा वेग पडतो आणि डेल्टा लागताना झटका वाढतो.

पाचव्या रंगातला वाय१ चा एनसी हा सॉफ्टवेअर इंटरलॉक (दोन्ही एकदम लागू न देणारी अट) आहे. तो पुरेसा नाही. वाय१ सुटला म्हणजे प्रोग्रामला सुटला; कॉन्टॅक्टर चिकटून बसला असेल तर पीएलसीला पत्ता नसतो. स्टार कॉन्टॅक्टरचा २१-२२ हा एनसी डेल्टाच्या कॉइलच्या वायरमध्ये घाला, आणि डेल्टाचा स्टारच्या कॉइलमध्ये. याला पर्याय नाही.

स्टारचे आठ सेकंद हा अंदाज आहे. खरी वेळ क्लॅम्प मीटर लावून काढा: स्टारमध्ये करंट वर जातो आणि मोटर वेग घेत गेली की खाली येऊन एका आकड्यावर स्थिरावतो. स्थिरावला की बदला. त्याआधी बदललं तर डेल्टाचा झटका जवळजवळ थेट सुरू केल्याइतकाच बसतो आणि स्टारवर केलेला खर्च वाया. ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरखाली, वाइंडिंगच्या वाटेत असेल तर त्याचं सेटिंग पूर्ण करंटच्या ०.५८ पट, इथे साधारण १६ अँपिअर.

टायमर पूर्णच होत नाही. कुठून सुरुवात करू?

ऑनलाइन मॉनिटर लावा आणि मोजलेल्या वेळेच्या आकड्याकडे बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

आकडा शून्यावरच असेल तर इनपुट पोचत नाही, किंवा तो रंग चालतच नाही. चालतो का ते बघायला त्याच सबरूटीनमध्ये एक रिकामा बिट नेहमी-चालू कॉन्टॅक्टवर लावून बघा, एफएक्समध्ये एम८०००.

आकडा वाढतो आणि पुन्हा पुन्हा शून्यावर येत असेल तर इनपुट तुटतंय. सैल वायर, थरथरणारा लिमिट स्विच, काठावर बसवलेला प्रॉक्झिमिटी सेन्सर, लाटांवर नाचणारा फ्लोट. मॉनिटरचा पडदा इतक्या वेगाने बदलत नाही, त्यामुळे लहान तुटणं डोळ्यांना दिसणार नाही. त्यासाठी इनपुटच्या सुटण्याच्या कडेवर एक काउंटर लावा आणि एक शिफ्ट चालू द्या. संध्याकाळी त्यात १४० दिसले तर वाद संपला, प्रोग्राम सोडा आणि स्क्रूड्रायव्हर घ्या.

आकडा वाढत जाऊन भलतीकडेच उडत असेल तर एकच टायमर दोनदा वापरलाय. एफएक्समध्ये टी५ दोन रंगांत कॉइल म्हणून आला, किंवा एस७-१२०० मध्ये दोन टीओएन एकाच इन्स्टन्स डेटा-ब्लॉकवर बसवले, की एक ओळ मोजते आणि दुसरी पुसते. ओळी कॉपी-पेस्ट केल्यावर हे हमखास होतं. क्रॉस-रेफरन्स काढा.

आकडा प्रीसेटला पोचला, डन बिट लागला, तरी आउटपुट नाही? मग टायमरला सोडा. त्या आउटपुटची कॉइल प्रोग्राममध्ये आणखी कुठे लिहिली आहे का ते बघा. शेवटची ओळ जिंकते.

आणि वेळेआधीच पूर्ण होत असेल तर?

अ‍ॅलन-ब्रॅडलीच्या लॉजिक्स मालिकेत हे असं होतं: टायमर सबरूटीनमध्ये आहे, त्याचा ईएन लागलेला असतानाच सबरूटीन बोलावणं थांबलं, आणि ४० सेकंदांनी पुन्हा सुरू झालं. टायमर मधल्या काळात गोठलेला दिसतो, पण पहिल्याच स्कॅनला मागच्या हिशेबापासूनचा सगळा वेळ एकदम जमा करतो. ३० सेकंदांचा टायमर तिथल्या तिथे डन. उपाय सोपा आहे. टायमर नेहमी चालणाऱ्या भागात ठेवा आणि अट त्याच्या इनपुटला लावा. तसंही तिथे दोन हिशेबांमध्ये ६९ मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नसतं.

एफएक्समध्ये अटीवर बोलावल्या जाणाऱ्या सबरूटीनसाठी टी१९२ ते टी१९९ हे वेगळे टायमर ठेवलेत. तिथे टी० घालू नका.

टायमर स्वतःच स्वतःला रिसेट करून पल्स काढतो म्हणतात. बरोबर आहे का?

टायमरच्या इनपुटला त्याचाच एनसी लावला की दर प्रीसेटनंतर एका स्कॅनचा पल्स मिळतो. एफएक्समध्ये आणि अ‍ॅलन-ब्रॅडलीत हे नीट चालतं. एस७-१२०० मध्ये थेट क्यू लावला तर वर सांगितलेल्या मधल्या हिशेबामुळे पल्स कधीकधी हरवतो. तिथे क्यू आधी मेमरी बिटात घ्या आणि त्या बिटाचा एनसी इनपुटला लावा.

पण यावर घड्याळ बांधू नका. स्कॅन १२ मिलिसेकंद धरला तर एक सेकंदाचा टायमर सरासरी सहा मिलिसेकंद उशिरा पूर्ण होतो आणि रिसेटला आणखी एक स्कॅन जातो. दर सेकंदाला सुमारे १८ मिलिसेकंद गळतात, तासाला एक मिनिटाहून अधिक. सेकंद मोजायचे तर एफएक्समध्ये एम८०१३ घ्या. एस७-१२०० मध्ये क्लॉक मेमरी बाइट चालू करा, तिचा पाचवा बिट एक हर्ट्झचा आहे (मोजणी शून्यापासून).

किती वेळ ठेवावी, याचा काही अंदाज?

हे सुरुवातीचे आकडे धरा आणि साइटवर बदला.

टाकीच्या फ्लोटला ३ ते ५ सेकंद. पंपाच्या ड्राय-रनला (पाण्याविना चालण्याला) ५ ते १० सेकंद, पण लांब सक्शन लाइनवर पाणी चढायला जितका वेळ लागतो त्यापेक्षा जास्तच. कॉन्टॅक्टर लागला की नाही हे फीडबॅकवरून बघायचं असेल तर अर्धा सेकंद. टायमरचं इनपुट म्हणजे 'कमांड आहे आणि फीडबॅक नाही'. न्यूमॅटिक सिलिंडरच्या रीड स्विचसाठी आधी खरा स्ट्रोक मोजा आणि दीडपट ठेवा. मोटराइज्ड व्हॉल्व्हला हाच हिशेब, फक्त व्होल्टेज आणि प्रेशर खालच्या बाजूला असताना मोजा.

सुरू होताना काही ट्रिप तात्पुरती बाजूला ठेवावी लागते, जसं लुब-ऑइलचं प्रेशर. त्यासाठी मोटर चालू झाल्यापासून ५ ते १० सेकंदांचा टायमर, आणि तो डन झाल्यावरच ट्रिप जागी होते. सततची ट्रिप आली म्हणून ही वेळ वाढवत नेणं हा उपाय नव्हे. बेअरिंग आपल्या सोयीने थांबत नाही.

मोजणी चालू असताना प्रीसेट बदलला तर?

एस७-१२०० च्या टीओएनवर चालू मोजणीला फरक पडत नाही, नवा आकडा पुढच्या वेळी लागू होतो. लॉजिक्समध्ये लगेच लागू होतो, आणि नवा प्रीसेट मोजलेल्या वेळेहून कमी असेल तर त्याच स्कॅनला डन. मानकाने हे कंपन्यांवर सोडलं आहे, म्हणून मॅन्युअल बघा.

प्रीसेट एचएमआयवरून (ऑपरेटरच्या पडद्यावरून) द्यायचा आहे. काय जपावं?

तीन गोष्टी. ऑपरेटरला सेकंद दाखवा आणि गुणाकार आत करा. नाहीतर तो ५ टाकतो आणि एफएक्सला अर्धा सेकंद मिळतो. खालची आणि वरची मर्यादा एचएमआयवरही घाला आणि पीएलसीतही, कारण उद्या एचएमआय बदललं जाईल. प्रीसेट शून्य झाला की विलंबच उरत नाही, आणि लॉजिक्समध्ये उणे आकडा गेला तर प्रोसेसर मेजर फॉल्टवर जातो, म्हणजे अख्खी लाइन उभी. तिसरी गोष्ट, ती मेमरी लाइट गेल्यावर टिकणारी असावी. नाहीतर सोमवारी सकाळी सगळे टायमर शून्य.

लाइट गेली आणि आली, तर मोजलेली वेळ राहते का?

साध्या ऑन-डिलेत नाही, पुन्हा शून्यापासून. राहायला हवी असेल तर संचयी टायमर घ्या: एफएक्समध्ये टी२४६ ते टी२५५, सीमेन्समध्ये टीओएनआर आणि त्याचा डेटा रिटेन करून, अ‍ॅलन-ब्रॅडलीत आरटीओ.

याचं वागणं वेगळं आहे. इनपुट सुटलं तर तो थांबतो, पण आकडा धरून ठेवतो. दर ३० मिनिटांच्या चालण्यानंतर ग्रीस द्यायचं असेल तर टी२५० के१८०००. मात्र पूर्ण झाल्यावर तो आपणहून सुटत नाही, आरएसटी टी२५० द्यावंच लागतं, आरटीओला आरईएस. हा रिसेट विसरला की ग्रीस पंप एकदाच चालतो आणि पुढे कायम गप्प, किंवा कायम चालू, जसं लॉजिक असेल तसं.

तीन तास मोजायचेत, टायमर पुरत नाही.

एफएक्सचा १०० मिलिसेकंदांचा टायमर ३२७६७ वर संपतो, म्हणजे ५४ मिनिटं ३६ सेकंद. त्यापुढे एक मिनिटाचं घड्याळ एम८०१४ आणि काउंटर के१८०. पहिलं मिनिट अर्धवट मोजलं जाऊ शकतं, तीन तासांत तेवढं चालतं. लाइट गेल्यावर मोजणी टिकवायची असेल तर सी१०० ते सी१९९ मधला काउंटर घ्या. एस७-१२०० वाल्यांना हा प्रश्नच नाही, तिथे एकाच टायमरमध्ये २४ दिवसांहून जास्त मावतात.

सहा कन्व्हेयर एकामागून एक सुरू करायचे. सहा टायमर?

एक पुरतो. टी० ला पूर्ण क्रमाची वेळ द्या आणि त्याच्या आकड्याची तुलना करा: ३० किंवा जास्त झाला की दुसरा, ६० किंवा जास्त झाला की तिसरा. तुलना नेहमी 'इतका किंवा जास्त' अशी. 'बरोबर इतका' ठेवलंत तर मोठ्या स्कॅनमध्ये आकडा उडी मारून पुढे जातो आणि ती मोटर सुरूच होत नाही. वेळ भरल्यावर आकडा प्रीसेटवर थांबून राहतो, त्यामुळे सगळ्या तुलना खऱ्या राहतात. साखर कारखान्याच्या बगॅस कन्व्हेयरसारख्या साखळीत सुरुवात माल बाहेर पडणाऱ्या टोकाकडून करायची, हे वेगळं सांगायला नको. आणि वेळेसोबत पुढच्या कन्व्हेयरचा रनिंग फीडबॅकही अटीत घाला.

एफएक्समध्ये ऑफ-डिले सूचना सापडत नाही.

ऑन-डिलेनेच करा. एक्स० ने वाय० लॅच करा, लॅचच्या शाखेत टी० चा एनसी ठेवा. दुसऱ्या रंगात एक्स० चा एनसी आणि वाय० चा एनओ, कॉइल टी०. एक्स० सुटल्यावर मोजणी सुरू होते आणि वेळ भरली की लॅच तुटतो.

काही जण छोटी वाट काढतात: इनपुटचा एनसी टायमरला आणि टायमरचा एनसी आउटपुटला. चालताना फरक दिसत नाही. पण पीएलसी नुकता सुरू झालेला असताना टायमर अजून पूर्ण झालेला नसतो, म्हणून कुणी काही न दाबता आउटपुट तेवढा वेळ लागतं. लाइट आली की पंखा दहा सेकंद आपोआप फिरणं चालून जाईल, प्रेस चालणार नाही.

इमर्जन्सी स्टॉपनंतरचा विलंब साध्या टायमरने दिला तर चालेल?

नाही. मोटर आधी ब्रेकने थांबवून मग पुरवठा तोडायचा, याला आयईसी ६०२०४-१ मध्ये स्टॉप कॅटेगरी १ म्हणतात. तो शेवटचा तोडण्याचा विलंब सेफ्टी रिलेच्या किंवा सेफ्टी पीएलसीच्या विलंबित कॉन्टॅक्टनेच द्यावा. साधा पीएलसी स्टॉपमध्ये गेला, आउटपुटचा रिले चिकटला किंवा कुणी ऑनलाइन बसून प्रीसेट बदलला, तर साध्या टायमरवरचा तो विलंब संपेल याची खात्री कुणी देत नाही. साध्या टायमरने ब्रेकचा क्रम चालवा, पुरवठा तोडणं सेफ्टी सर्किटकडे ठेवा, आणि त्याची वेळ मशीन खरोखर थांबायला लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडी जास्त, स्टॉपवॉचने मोजून, लावा.